रुपराव हवालदाराचा डावा पाय

१

रुपराव हवालदाराचा डावा पाय दोनदा गेला. पहिल्यांदा गेला तो एकाहत्तरच्या लढाईत, जमिनीत पुरलेल्या सुरुंगावर. त्यात शोधण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दुसऱ्यांदा गेला तो पंचाहत्तर साली, नागपुरात, टिमकीच्या पलीकडच्या धोटेपुऱ्यात, मारुतीच्या देवळासमोरून, भर दुपारी, चारशे माणसं लाडू खात असताना. हा दुसरा पाय लाकडाचा होता, पुण्याच्या लष्करी दवाखान्यात मापानं घडवलेला, आणि तो मात्र शोधायलाच हवा होता.

धोटेपुरा हा विणकरांचा मोहल्ला. घरटी एक माग. दिवसभर अशी खटखट चाले की तिथली चिमणीसुद्धा दाणे तालात टिपते, असं लोक सांगत. आणि ज्यांनी ती चिमणी पाहिली होती ते शपथेवर सांगत. फक्त अमावास्येला माग बंद. त्या दिवशी देवळात भजन, मग पंगत: वांग्याची भाजी, कढी, भात आणि बुंदीचे लाडू.

देवळाच्या पायरीवर पायताणं सांभाळायला पंचफुलाबाई बसे. तिचा नवरा ब्रह्मदेशाच्या लढाईत गेला तेव्हा ती वीस वर्षांची होती. मोहल्ल्याच्या पंचांनी तिला ही पायरी दिली, आणि घरोघरचं सुपलंभर धान्य. तेव्हापासून तीस वर्षं तिनं एक चप्पल इकडची तिकडे होऊ दिली नव्हती. बिल्ला नाही, खूण नाही, काही नाही. तिला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, पायताणं राहत. समोरून कुणी रामराम घातला तर ती आधी खाली बघे आणि मग नाव घेऊन उत्तर देई. मोहल्ल्यात कुणाचं लग्न ठरतंय आणि कुणाचं मोडतंय, हेही तिला टाचांच्या झिजण्यावरून कळे म्हणतात.

रुपराव देवळात शिरताना पाय काढून ठेवी. पायाच्या पट्ट्या कातड्याच्या होत्या. पुजाऱ्यानं कधी हरकत घेतली नव्हती, पण रुपराव हवालदार होता. "चामडं आत नेत नाही," म्हणाला की म्हणाला. पाय बुटासकट पायरीशी उभा करायचा, शेजारी उजवा बूट, वरून आपला दुपट्टा पांघरायचा, आणि काठी टेकत एका पायानं आत. दुपट्ट्याखालचा तो पाय असा ताठ उभा राही की कुत्रीसुद्धा त्याला वळसा घालून जात.

त्या दिवशी भजन झालं, पंगत उठली, रुपराव बाहेर आला, पायरीवर बसला आणि त्यानं दुपट्टा उचलला.

खाली डावा बूट होता. बुटात पळसाच्या पानांच्या पत्रावळींचा गठ्ठा उभा खोचलेला होता.

पाय नव्हता.

२

"काकू," रुपराव अगदी हळू म्हणाला, "माहा पाय कोठी गेला वं?"

पंचफुलाबाईनं बूट बघितला, पत्रावळी बघितल्या, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा रांग परत मोजली. सकाळपासून ती त्या दुपट्ट्यावर डोळा ठेवून होती. बूट दोन होते, दोन्ही जागच्या जागी होते. चोरानं तिला बरोबर ओळखलं होतं: म्हातारी पायताण मोजते, पाय मोजत नाही.

माणसं गोळा झाली. "बाप्पा! पाय नेला!" "अरे, पायाचं कोण काय करंल?" "मसाल्याचा खलबत्ता करंल!" कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं, कारण रुपराव हसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या एसटीनं त्याला उमरेडला जायचं होतं. तिथल्या कोळशाच्या खाणीवर फाटकाचा पहारेकरी हवा होता. फौजेतल्या माणसाला आधी घेणार, पण साहेब समोर उभं करून बघणार. रुपराव सांगून चुकला होता: नोकरी लागली की बायकोला घेऊन धोटेपुरा कायमचा सोडणार.

काहून सोडणार, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच पटत नव्हतं. तो दवाखान्यातून परतला तेव्हा मोहल्ल्यानं त्याला स्टेशनवरून खांद्यावर आणला होता. तीन वर्षं झाली तरी त्याला खांद्यावरून उतरवायला कुणी तयार नव्हतं. पाणी भरून देणार, लाकडं फोडून देणार, पानाच्या ठेल्यावर गेला तर चार जण उठून जागा देणार. एकदा त्यानं पडलेला पेला स्वतः उचलला तर तिघी बायका रडल्या.

"मले देवाची पालखी करून टाकलं," तो बायकोला म्हणाला होता. "पालखीले कोणी काम सांगते का?"

परतल्यावर एकदाच तो बापाच्या मागावर बसला होता. मागाखालच्या खड्ड्यात दोन पावड्या असतात. एक दाबली की अर्धे धागे वर, दुसरी दाबली की उरलेले. त्या अनवाणी पायानं, अंगठ्याच्या अंदाजानं दाबायच्या. रुपरावनं बूट घातलेला लाकडी पाय ठेवला, तो घसरला, चौदा धागे तुटले. तो उठला, मागावर चादर टाकली आणि परत त्या खोलीत गेला नाही.

पंचफुलाबाई उठून उभी राहिली. ती अजून जेवली नव्हती, कारण ती नेहमी सगळ्यात शेवटी जेवे.

"ऐका गा सगळे," ती म्हणाली. "दिवेलागणीच्या आत पाय आणून देतो म्हणजे देतो. तोवर माह्या तोंडात घास जाणार नाही. अन् नाही भेटला, तर उद्यापासून या पायरीवर दुसरी कोणी पाहा."

ती असं म्हणाली खरं, पण बुंदीचा वास नाकात होता आणि हातात होता फक्त एक रिकामा बूट.

३

तिनं बूट मांडीवर घेतला. पायताणाशी बोलायचं तर घाई चालत नाही.

उजव्या बुटाची नाडी आठही भोकांतून ओवलेली होती, फौजेची शिस्त. डाव्याची ओवलेली होती फक्त खालच्या दोन भोकांतून. म्हणजे बूट एका हिसक्यात निघावा, अशी तयारी आधीच कुणीतरी करून ठेवली होती.

दुसरं म्हणजे त्या हिसक्यात नाडी तुटली होती आणि तुटल्या जागी गाठ मारली होती. मोहरीएवढी गाठ, टोकं दातानं तोडलेली. बोट फिरवलं तरी लागू नये अशी.

आणि तिसरं सगळ्यात सोपं होतं. पाय न्यायचा तर बुटासकट न्यावा, पटकन होतं. याला पाय अनवाणी काहून पाहिजे होता?

हा तिसरा प्रश्न तिनं कमरेला खोचून ठेवला आणि आधी गोपाळरावला बोलावलं.

गोपाळराव सोळाव्या वर्षी फौजेत स्वयंपाकी म्हणून गेला होता आणि सतरा वर्षं हजार हजार माणसांची डाळ ढवळून परत आला होता. उमरेडच्या त्याच नोकरीसाठी त्यानंही अर्ज केला होता. रुपराव उद्या हजर झाला नाही, तर नोकरी याची. शिवाय पहिल्या पंगतीतून तो मधेच उठला होता, आणि त्याच्या बगलेत लांबलचक काहीतरी होतं, असं बोलायला चार तोंडं तयार होती.

"बगलेत काय होतं गा?"

"छत्री."

"मार्गशीर्षात? आभाळात ढग पाह्यला तू?"

"काकू, फौजेत शिकलो आम्ही, तयारी ठेवावी."

"दाखव."

गोपाळरावनं छत्री मागं लपवली. पंचफुलाबाईनं टोक धरून ओढली. छत्री उघडली, आणि तिच्यातून सतरा लाडू टपटप पायरीवर पडले, एक गडगडत थेट मारुतीसमोर गेला. मोहल्ला एका सुरात "हाओ!" म्हणाला.

"मायसाठी," गोपाळराव कानापर्यंत लाल होऊन म्हणाला. "गुडघे धरले तिचे, येता येत नाही तिले. मांगाले लाज वाटली."

"सतरा?"

"माय आहे ना वं! मोजून देऊ का मायले?"

पंचफुलाबाईनं स्वतःच्या लुगड्याच्या पदराचा एक धागा ओढला, मधेच तोडला आणि त्याच्या हातात दिला. "जोड."

गोपाळरावनं जोडला. ती गाठ अशी झाली की तिला पोतं लटकवावं.

"जा. मायले आणखी चार ने. तू नाही."

"तुमाले कसं समजलं?"

ती त्याला उत्तर देणार, तेवढ्यात तिची नजर गर्दीतल्या एका चपलेवर पडली. धोंडबा सुताराची चप्पल. आज अमावास्या, धोटेपुऱ्यात कुणाच्याच हाताला काम नाही. आणि धोंडबाच्या चपलेच्या पट्ट्यात, अंगठ्याशी, पांढरा ताजा लाकडाचा भुसा होता.

४

"धोंडबा, सकाळी काय करत होतास गा?"

"मी? झोपून राहिलो होतो."

"लाकडाच्या वखारीत?"

धोंडबानं खाली पाहिलं आणि चप्पल दुसऱ्या चपलेवर ठेवून झाकली. हा मोहल्ल्यातल्या सगळ्या मागांचा डॉक्टर. मागाचा कुठलाही भाग त्याच्या हातून गेल्याशिवाय खटखटत नसे. खोटं बोलायला मात्र तो इतका कच्चा होता की त्याची बायको त्याला बाजारातसुद्धा एकट्याला पाठवत नसे.

"खुंटी बनवली जी. बकरीसाठी."

"बकरीसाठी खुंटी बनवली, अन् बकरी सुटली?"

आता पंचफुलाबाईला आठवलं. पहिल्या पंगतीत वाढप सुरू झालं तेव्हा धोंडबाची बकरी सुटून थेट पायरीवर आली होती, आणि एक चप्पल तोंडात धरून पिंपळाकडे पळाली होती. पंचफुलाबाई तेव्हा एकदाच जागची उठली, काठी घेऊन तिच्यामागं धावली. पान लावून खाऊन थुंकावं एवढाच वेळ. बकरी वर्षभर दावणीला असते आणि नेमकी आज सुटते? आणि चारशे पायताणांतून उचलते कुणाची, तर धोंडबाचीच?

"तुह्या चपलेले काय लावलं होतं रे? मीठ?"

"गूळ," धोंडबा म्हणाला, आणि मग स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

तिनं त्यालाही धागा दिला. त्यानं मारलेली गाठ सुताराची होती, सरळ, मजबूत, शेंगदाण्याएवढी. म्हणजे बकरी याची, हात दुसऱ्याचा.

"कोणासाठी केलं?"

"काकू, माह्या बकरीची शपथ, मी नाही सांगणार." आणि तो खरंच सांगणार नाही, हे ओळखून तिनं त्याला सोडून दिलं. खोटं न येणाऱ्या माणसाचं गप्प राहणं फार पक्कं असतं.

मग ती वच्छलेकडं वळली. वच्छला रुपरावची बायको. नवऱ्याचा पाय चोरीला गेलेला, उद्याची नोकरी जाण्याची पाळी, आणि ही बाई मागच्या ओट्यावर निवांत कढीचं भांडं घासत होती.

"तुले रडू नाही येऊन राहिलं का वं?"

"आलं होतं काकू. सकाळीच रडून घेतलं."

"सकाळी? पाय तर दुपारी गेला."

वच्छलेचा हात भांड्यावर थांबला. पंचफुलाबाईनं बूट तिच्यापुढं ठेवला. "हा बूट रोज सकाळी त्या लाकडी पायात कोण घालते? त्याले वाकता येत नाही. नाडी कोण ओवते?"

"मी."

"रोज आठ भोकं. आज दोन काहून?"

वच्छलेनं पदरानं हात पुसले. मग ती अशी हसली की तीन वर्षांत तिला तसं कुणी हसताना पाहिलं नव्हतं.

"तुमी शोधून राहिल्या ना काकू? मंग शोधा. पण घाई नका करू जी. त्यायले अजून थोडा टाईम लागन."

"त्यायले? कोणाले?"

वच्छला परत भांडं घासू लागली, आणि त्या घासण्याच्या आवाजातून पंचफुलाबाईला दुसरा एक आवाज ऐकू आला. गल्लीच्या टोकाकडून येणारा.

खट. थोडं थांबून, खट-खट. परत थांबून, खट.

५

धोटेपुऱ्यात मागाचा आवाज ऐकू येणं म्हणजे नदीकाठी पाण्याचा आवाज येणं. लक्ष जात नाही. तो दुपारपासून येत होता, पण चारशे माणसांच्या कानांना त्याची इतकी सवय होती की आज अमावास्या आहे, आज एकही माग चालू असता कामा नये, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. पंचफुलाबाईच्याही नाही. तिनं मनातल्या मनात स्वतःच्या दोन थोबाडीत मारून घेतल्या.

आणि हा माग लंगडत होता.

"चला," ती म्हणाली. "रुपराव, काठी घे."

"कोठी?"

"तुह्या पायाकडं."

रुपराव काठी टेकत निघाला, शेजारी गोपाळराव छत्री धरून, मागं चारशे माणसं. चालता चालता तिनं हिशेब मांडला, मोठ्यानं, कारण पोटात कावळे ओरडत होते आणि बोललं की ते गप्प बसतात.

"पाय कोणी नेला? वैऱ्यानं नेला असता तर बुटासकट नेऊन नागनदीत फेकला असता. याले पाय अनवाणी पाहिजे होता. लाकडाचा पाय अनवाणी कोणाले लागते गा? चालायले नाही, विकायले नाही. धोटेपुऱ्यात अनवाणी पाय एकाच जागी लागते. पावडीवर."

रुपराव थांबला. "काकू, मी मागावर बसणार नाही म्हणून सांगितलं आहे."

"मी तुले बस म्हटलं का? चाल पुढं. तर नेणारा विणकर. गाठीनंच सांगितलं. चोरी करतानी नाडी तुटली. दुसरा चोर तशीच टाकून पळाला असता. पण विणकराच्या हाताले तुटलेला धागा पाहून राहवते का? जीव चालला असला तरी तो आधी गाठ मारन, मंग मरन. अन् अशी मोहरीएवढी गाठ मारणारे हात धोटेपुऱ्यात किती?"

"सगळेच," मागून कुणीतरी म्हणालं.

"सगळेच. म्हणून मी पत्रावळीकडे पाह्यलं. पत्रावळीचा कोरा गठ्ठा कोठून आला? देवळाच्या कोठीतून. कोठीची चावी आज कोणी मांगून घेतली? अन् पंगत उठल्यावर उष्ट्या पत्रावळीचं टोपलं डोक्यावर घेऊन कोण गेलं? सत्तर वर्षाचा म्हातारा, मोहल्ल्याचा पंच, ज्यानं जन्मात कधी उष्टं उचललं नाही. आपण सगळे म्हणालो, काय नम्रपणा आहे! टोपल्यात नम्रपणा नव्हता बाप्पा. पाय होता."

गल्लीच्या टोकाला त्या पंचाचं, रामाजीचं घर. दार आतून लोटलेलं. आत खट, खट-खट, खट.

धोटेपुऱ्यात रामाजीपुढं कुणी विडी ओढत नसे. त्यानं विणलेलं नागपुरी लुगडं काडीपेटीत मावे, आणि त्यानं नुसतं चष्म्यावरून बघितलं तरी खराब धागा आपणहून तुटे, अशी ख्याती. रुपरावला मागाचा धोटा धरायला शिकवला तो त्यानंच.

पंचफुलाबाईनं काठीनं दार ढकललं, आणि चारशे माणसांनी एकदम तोंडावर हात ठेवले.

६

रामाजी मागावर बसला होता. धोतर वर खोचलेलं. स्वतःचा डावा पाय मागं दुमडून दोरीनं बांधलेला, आणि गुडघा रुपरावच्या लाकडी पायाच्या वाटीत कोंबलेला. घामानं निथळत, दात खाऊन, म्हातारा हवालदाराच्या पायानं पावडी दाबत होता.

त्या पावडीवर लाकडाची एक खडाऊ ठोकलेली होती. पायाच्या आकाराची, टाचेला अडसर, वरून सुताचा पट्टा. लाकडी पाऊल तीत बसलं की हलायचं नाव नाही. दाबली की खाली, सोडली की वर. खाली दगड बांधला होता, तो तिला परत उचलत होता. धोंडबाची सकाळची बकरीची खुंटी ती हीच.

रामाजीनं मान वळवली. चष्मा नाकाच्या टोकाला आला होता.

"आता आलेच आहा, तर दार लावा," तो म्हणाला. "धूळ बसते सुतावर."

रुपराव काठी टेकत पुढं आला. "काहून गा, बाबाजी? मांगून घेतला असता!"

"मांगला असता तर देला असता?"

रुपरावनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"तीनदा आलो मी तुह्याकडं. तिन्ही वेळा तू चादर दाखवली. माप घेतल्याशिवाय खडाऊ होत नाही, अन् बसून पाह्यल्याशिवाय दगडाचं वजन ठरत नाही. सकाळी धोंडबानं अंदाजानं केली, दुपारून मी बसून पाहून राहिलो. वच्छलेनं सांगितलं, उद्या आठची गाडी. मंग काय करावं? चोरी केली. मारुतीसमोर केली. त्याचं मी पाहून घेईन."

"मले दया नको तुमची!" रुपराव ओरडला. "तीन वर्षं दया खाऊन राहिलो मी. पोट फुटलं माहं!"

"दया?" रामाजी मागावरून उठायला गेला, पण पाय बांधलेला असल्यामुळं परत बसला. "अरे, तुह्या बापासारखा काठ विणणारा हात धोटेपुऱ्यात दुसरा नाही, तो तुह्याकडं आला आहे. तो हात घेऊन तू फाटकाचा दांडा वर-खाली करायले चालला! दया मले माही येऊन राहिली. माह्या मागून काठ कोण विणन?"

मग तो पंचफुलाबाईकडं वळला. "माह्या बापानं हिले भाकर नाही देली. पायरी देली. आम्ही तुले तीन वर्षं भाकरच देत बसलो. आमचीच अक्कल गेली होती."

पंचफुलाबाईच्या डोळ्यांपुढं वीस वर्षांची एक बाई आली, दुसऱ्यांच्या चपलांपुढं पहिल्यांदा मान वर करून बसलेली. तिनं खाली वाकून रामाजीच्या पायाची दोरी सोडली, लाकडी पाय काढला आणि पदरानं पुसला.

"घे गा," तिनं रुपरावला दिला. "मी शब्द देला होता, पाय आणून देतो. देला. आता तो एसटीच्या पायरीवर ठेव नाहीतर पावडीवर, ते माहं काम नाही. मी पायताणाची मालकीण, पायाची नाही."

रुपराव पाय हातात धरून उभा राहिला. मग खाली बसला, पट्ट्या आवळल्या, आणि सगळ्यांकडं पाठ करून मागाच्या खड्ड्यात उतरला.

पाऊल खडाऊत गेलं. त्यानं दाबलं. धागे उघडले. धोटा उजवीकडून डावीकडं गेला. खट. दुसरी पावडी. धोटा परत आला. खट. पहिल्यांदा अडखळत, मग जरा कमी, मग त्याचे हात आपणहून काहीतरी आठवायला लागले आणि पाय त्यांच्या मागं गेला. दारात वच्छला उभी होती, हाताला अजून कढीभांड्याची राख.

चार बोटं कापड झालं. रामाजीनं चष्मा सरकवला, नाक कापडाला लावलं, काठावरून अंगठा फिरवला. चारशे माणसांनी माना लांब केल्या. आता म्हातारा डोळे पुसणार, आता वाहवा म्हणणार!

"काठ ढिला आहे," रामाजी म्हणाला. "उसव."

"अवं माय!" एक बाई कळवळली. "पहिल्यांदाच तर बसला बिचारा..."

पण रुपराव रामाजीकडं बघत होता. तीन वर्षांत त्याला कुणी सांगितलं नव्हतं की तुझं चुकलं. त्यानं पेला पाडला तरी पेल्याचीच चूक असे. त्याच्या मिशा थरथरल्या, आणि मग तो हसला, असा गडगडून की वरच्या फळीवरचा उंदीर सुतासकट खाली पडला.

"उसवतो, बाबाजी."

"अन् उद्या सकाळी सातले ये. उशीर झाला तर बसू देणार नाही."

गर्दीतून गोपाळरावनं घसा साफ केला. "मंग... उद्याच्या आठच्या गाडीत जागा रिकामी आहे तर?"

"जा," रुपराव मागावरूनच म्हणाला. "अन् छत्री नेजो. साहेबाले लाडू दे."

७

गोपाळरावला नोकरी लागली. खाणीच्या फाटकावर तो असा कडक उभा राहायचा की कोळशाचे ट्रक त्याला बघून आपणहून धुऊन यायचे, असं तो स्वतः सांगे. रुपराव रामाजीच्या मागावर बसू लागला. पहिल्या महिन्यात त्यानं अकरा वेळा उसवलं, आणि प्रत्येक वेळी रामाजीनं त्याला सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल अशा शिव्या घातल्या. रुपराव त्या शिव्या घरी जाऊन वच्छलेला कौतुकानं सांगे.

राहिली चोरीची शिक्षा. पंचांपैकी एक पंच स्वतःच चोर, म्हणून निवाडा पंचफुलाबाईनं केला. पुढच्या अमावास्येला रामाजी पायरीवर बसून पायताणं सांभाळणार, आणि ती पहिल्या पंगतीत बसून गरम जेवणार. तीस वर्षांत पहिल्यांदा.

ती बसली. शेजारी वच्छला, समोर रुपराव. कढी गरम होती. चार लाडू तिनं खाल्ले आणि पाचवा आग्रहानं. मग पान लावलं, सावकाश चघळलं आणि बाहेर आली.

रामाजी पायरीवर ताठ बसला होता. चेहऱ्यावर विजय. "मोज," तो म्हणाला. "एक चप्पल हलली नाही."

पंचफुलाबाईनं रांगेवरून नजर फिरवली. एकदा. परत एकदा. मग कपाळाला आठ्या घातल्या.

"माह्या कोठी आहेत?"

रामाजीचा चेहरा उतरला. त्यानं रांग बघितली. पायरीखाली वाकून बघितलं. पिंपळामागं बघितलं. बकरीचं तोंड उघडून बघितलं. "इथंच असन," "कोणाच्या अदलाबदल झाल्या असतीन," असं म्हणत सत्तर वर्षांचा पंच चारशे पायताणं उलटीपालटी करत फिरला, आणि पंचफुलाबाई पायरीवर, आपल्या जागेवर, आरामात बसून ते बघत राहिली.

अर्ध्या तासानं तो घामाघूम होऊन तिच्यापुढं उभा राहिला. "पंचफुला, माफ कर वं. गेल्या."

"तुह्या पाळीत गेल्या."

"हाओ. माह्या पाळीत."

"सकाळी मी आली तवा तू माह्याकडं पाह्यलं?"

"पाह्यलं ना. रामराम केला."

"तोंडाकडं पाह्यलं," पंचफुलाबाई म्हणाली, आणि पानानं लाल झालेल्या ओठांनी हसत आपली धुळीनं माखलेली अनवाणी पावलं त्याच्यापुढं केली. "पायाकडं पाह्यलं असतं तर समजलं असतं. मी घालून आलीच नव्हती."